ठासणीच्या बंदुकीची कळ व तींतील कमान

परांडा येथील किल्ल्यांत असलेली 'मलिक-ए-मैदान' तोफ इ. स. १५४९ मध्यें अहमदनगर येथें ओतली गेली व १६३२ मध्यें विजापुरास नेण्यांत आली. ती तेथील बुरुजावर आजही आहे. ती मिश्रधातूची, म्हणून टिकली. आपल्या घरची ठासणीची बंदूक लोखंडाची असते. एका पावसाळ्याची हयगयही तिला पुरेशी होते.

शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या १३ व्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु परवाना मिळाला म्हणजे रानडुक्कर मारण्याची मुभा मिळाली, असें कोणीं समजूं नये. त्याकरितां १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें निराळी परवानगी लागते.

काळ्या दारूंत शंभर भागांपैकीं सुमारें ७५ भाग सोरा, १५ कोळसा व १० गंधक असतो. जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन क्षार व काजळी होतो. त्यांतील कांहीं धुरावाटे जातो, कांहीं नळींत व घोड्याभोंवतीं चिकटतो. हे क्षार हवेंतील ओल ओढून घेतात व गंज चढवितात. ते रॉकेलांत विरघळत नाहींत, पाण्यांत विरघळतात. म्हणून नळी प्रथम कढत पाण्यानें धुवावी, पूर्ण कोरडी करावी व मगच तेल लावावें.

घोडा, चाप व त्यांस जोडणारें आंतील यंत्र यास येथें कळ म्हटलें आहे. तिला जोर देणारी दुमडलेली पोलादी पट्टी ती कमान. कळ खोलण्यापूर्वीं टोपी काढावी व नळींत गज घालून पहावा. गज टोपीच्या बोंडापर्यंत न पोंचतां वरच अडला, तर बंदूक भरलेली आहे असें समजून हात आवरावा.

बंदूक रिकामी असल्याची खात्री झाल्यावर घोडा अर्धा चढवावा. बाजूचा स्क्रू दोन-तीन फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर लांकडी मुठीनें हलकेच ठोकावें; म्हणजे कळीची पट्टी सरळ वर येते व दस्त्याचें लांकूड फुटत नाहीं. नंतर स्क्रू काढून कळ बाहेर घ्यावी. कमान मात्र दाबयंत्रावांचून काढूं नये. ती सुटून डोळ्यास इजा करते किंवा मोडते. ती जागेवर ठेवूनच काजळी ओल्या फडक्यानें पुसावी, रॉकेलाच्या कुंचल्यानें खाचा साफ कराव्या व कोरड्या कराव्या. घोडा अडकविणाऱ्या खाचेंत घाण राहिल्यास घोडा आपोआप निसटतो. यांत जीवाचा धोका आहे.

शेवटीं शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सांध्यांवर द्यावा. आपल्याकडील करडईचें तेल वापरूं नये. तें सुकून चिकट होतें व कमान मंद करतें. अधिक तेलानें दस्ताही मऊ पडतो.

कळ परत बसवितांना घोडा अर्धाच चढलेला असावा. स्क्रू बेताचा आवळावा. मग घोडा अंगठ्यानें धरून सावकाश खालीं सोडून पहावा. बोंडावर आपटूं नये. अर्ध्या चढावावर चाप ओढूनही घोडा पडला, तर बंदूक परवानाधारक कारागिराकडेच न्यावी.

प्रस्तुत लेखकानें एका निवडणुकीच्या वेळीं धुतल्यावांचून बंदूक जमा केली. परत मिळाली तेव्हां घोडा हलेना. चूक स्वतःचीच होती. तेव्हां बंदूक जमा करण्याच्या आदल्या दिवशीं एक तास या कामास अवश्य द्यावा.