काम्पोज ते झोपेची वही

एके काळी मराठी घरात झोपेच्या गोळीला एकच नाव होतं: काम्पोज. लग्नघरात आईला, घरात कुणी गेलं की थोरल्यांना, ती डायझेपामची गोळी अर्धी मोडून दिली जाई. झोप लागली, प्रश्न मिटला. ती उडाली कशाने, हे कुणी उकरत बसत नसे.

डॉक्टरांची वाटही बराच काळ हीच होती. १९०३ मध्ये जर्मनीत एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल पुढे आणलं. त्या कुळातल्या औषधांची सवय लागे आणि मात्रा चुकली तर श्वासच थांबे. मग १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड ‘निर्धोक’ म्हणून विकायला आलं. गरोदर बायकांनी ते घेतलं आणि हजारो मुलं व्यंग घेऊन जन्मली. १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं. त्यानंतर, १९६३ मध्ये, आलेलं डायझेपाम अगदीच सोज्ज्वळ वाटलं. त्याचीही सवय लागते आणि रात्री उठताना म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, हे सावकाश कळलं.

खरा बदल गोळीच्या बाहेर घडला. १९७२ मध्ये रिचर्ड बुटझिन यांनी एक साधी गोष्ट मांडली: रोज अंथरुणात तळमळणाऱ्याला पुढे पुढे अंथरूण दिसलं तरी जाग येते. म्हणून झोप येत नसेल तर उठा, पेंग आली की परत या. १९८७ मध्ये न्यूयॉर्कचे आर्थर स्पीलमन आणखी पुढे गेले. त्यांच्या मते निद्रानाशाकडे झुकणारा स्वभाव मुळात असतो, मग एखादं निमित्त होतं: आजारपण, नोकरी, मृत्यू. निमित्त सरतं, पण झोप परत येत नाही, कारण तोवर आपण तिच्या मागे लागलेलो असतो. नऊलाच आडवं होणं, सकाळी लोळत पडणं, सारखं घड्याळ बघणं. त्यावरचा त्यांचा उपाय ऐकून कुणीही चिडेल: पाचच तास झोप लागते ना, मग आठ तास पडून राहू नका, अंथरुणातला वेळ कमी करा, झोप सलग झाली की हळूहळू वाढवा. (हे आपल्या मनाने करू नये. फिट्स येणाऱ्यांनी किंवा गाडी चालवणाऱ्यांनी तर नाहीच. रोजची गोळीही एकदम बंद करू नये.)

२०१३ मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाने निद्रानाशाला दुसऱ्या आजाराची सावली मानणं सोडलं. झोप लवकर न लागणं, मध्ये जाग येणं किंवा पहाटे तीनला टक्क जागं होणं, हे आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने चालत असेल, आणि दिवसा थकवा, चिडचिड, विसराळूपणा जाणवत असेल, तर तो स्वतंत्र विकार. अट अशी की झोपायला पुरेसा वेळ मिळत असावा. रात्रपाळी करून दिवसा मुलं सांभाळणारीची गोष्ट वेगळी. तिला झोप येते, पण झोपायला मिळत नाही. आणि घोरणाऱ्याला आपण उगाच सुखी समजतो. घोरता घोरता श्वास अडकत असेल तर तपासणी वेगळी, आणि तिथे झोपेची गोळी घातकही ठरू शकते.

२०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट निद्रानाशावर आधी वर्तनोपचार, मग औषध, असा क्रम सांगितला. म्हणून आता जाणकार डॉक्टर प्रथम वही मागतात: किती वाजता आडवे झालात, अंदाजे कधी लागली, किती वेळा उठलात, चहा कितीला घेतला. आपल्याकडे या वहीत एक नोंद हमखास राहून जाते. दुपारच्या दीड तासाच्या वामकुक्षीला आपण झोप म्हणत नाही ना!