निकालाची घटका आणि तापलेलें खापर

बारावीच्या निकालाच्या दिवशीं दुपारीं एकच्या सुमारास जळगांव अगर धुळें येथील कोणत्याही भरल्या घरांत डोकावून पाहावें. माजघरापासून ओसरीपर्यंत सर्वांचे डोळे एका मोबाइलच्या पडद्याकडे लागलेले दिसतात. बैठक क्रमांक भरला, आईचें नांव भरलें, कळ दाबली; आणि पडद्यावरील चक्र फिरतच राहिलें. "सर्व्हर निजला वाटतें," असें आजोबा म्हणतात. निकाल हातीं येतो न येतो तोंच हीच मंडळी प्रवेशअर्जासाठीं गांवांतल्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळाकडे धांव घेतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेंत जळगांव, धुळें व नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. साक्री किंवा शिरपूर तालुक्यांतील एखाद्या मुलीस अर्जाच्या शेवटच्या दिवशीं पान उघडलें नाहीं, तर तिला दुसऱ्या दिवशीं एस.टी.नें शहर गांठून विनवण्या कराव्या लागतात. म्हणून हा विषय केवळ यंत्रशास्त्रज्ञांचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

खरें पाहतां अशा वेळीं पुष्कळदां सर्व्हर निजलेला नसतो. प्रत्येक हांकेसरशीं नवा जन्म घेण्यांत तो दमलेला असतो. हें कोडें खानदेशांतील वाचकभगिनींस चटकन् उलगडेल. मांडे करावयाचे म्हणजे चुलीवर खापर पालथें घालावयाचें, खालीं लांकडांचा जाळ करावयाचा, आणि खापर सर्वत्र सारखें तापेपर्यंत धीर धरावयाचा. पुढें मात्र हातावर पसरलेला मांडा खापरावर पडतांच होऊं लागतो. आतां एखाद्या सूनबाईनें पहिला मांडा झाल्याबरोबर चूल विझविली, खापर उतरवून ठेविलें, आणि दुसऱ्या पाहुण्यासाठीं पुन्हा काडेपेटी शोधूं लागली, तर सासूबाई काय म्हणतील तें येथें लिहावयास नको!

संगणकाच्या जगांत नेमका हाच प्रकार घडत होता. १९९३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेंत 'कॉमन गेटवे इंटरफेस' ऊर्फ सीजीआय ही पद्धत निघाली. तत्पूर्वीं संकेतस्थळावरील पान बहुधा छापील पत्रकासारखें स्थिर असे; या पद्धतीनें सर्व्हर एखादा प्रोग्रॅम चालवून मागणाऱ्याच्या गरजेप्रमाणें पान तयार करूं लागला. सोय मोठी, परंतु रीत अशी कीं प्रत्येक मागणीस नवी प्रोसेस जन्मास यावी, तिनें भाषेचा दुभाषी स्मृतींत आणावा, स्क्रिप्ट पहिल्या अक्षरापासून वाचावी, माहितीच्या भांडाराचें दार ठोठवावें, एक उत्तर द्यावें आणि मरावें. दिवसाकांठीं शंभर पाहुणे असतांना हें कोणास जाणवलें नाहीं. एका मिनिटांत हजारों आले तेव्हां चूल पेटविण्यांतच सारा दिवस जाऊं लागला.

उपाय फार दूर नव्हता. १९९६ सालीं 'ओपन मार्केट' या अमेरिकन कंपनीनें 'फास्टसीजीआय' पुढें आणलें. त्याच वर्षीं डग मॅक्ईकर्न यांच्या 'मॉड-पर्ल'नें पर्ल भाषेचा दुभाषी अपाची सर्व्हराच्या पोटांतच वस्तीस ठेविला. दोहोंचें मर्म एकच: उत्तर दिल्यावर प्रोग्रॅमनें मरूं नये, पुढील मागणीची वाट पाहात जागें राहावें. केवळ उदाहरण म्हणून समजा, एका पानास १०० मिलिसेकंद लागतात व त्यांतील ८० निव्वळ पूर्वतयारींत जातात. तर एक कामकरी प्रोसेस सेकंदास १० उत्तरें देईल. तयारी एकदांच करून ठेविली तर ५०. यंत्र तेंच, वीज तीच, खर्च शून्य. सर्व्हर मंद झाला कीं मोठा सर्व्हर भाड्यानें घेण्याची जी घाई आमच्या संस्थाचालकांस होते, ती आम्हांस पटत नाहीं ती याचसाठीं.

तथापि तापलेल्या खापराचा धोकाही आहे. जो मरत नाहीं तो विसरतही नाहीं. मॉड-पर्लसारख्या व्यवस्थेंत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें आधींच्या मागणीची नोंद पुसली नाहीं, तर एका विद्यार्थ्याचे गुण वा पत्ता दुसऱ्याच्या पडद्यावर उमटूं शकतो. स्वयंपाकघरांतील सोंवळें पाळणाऱ्या घरांनीं हें ध्यानीं घ्यावें: चूल पेटती ठेवा, पण दर पाहुण्यामागें पाट पुसा. शिवाय दीर्घकाळ जगणाऱ्या प्रोसेसची स्मृति हळूहळू फुगत जाते व शेवटीं तीच सर्वांस खालीं ओढते.

लहान संस्थांस आम्ही मधला मार्ग सुचवूं. पीएचपी भाषेच्या ५.३.३ या आवृत्तींत, २०१० सालीं, 'पीएचपी-एफपीएम' हा कामकऱ्यांचा मुकादम समाविष्ट झाला. तो कांहीं प्रोसेस सदैव तयार ठेवतो. मात्र प्रत्येक उत्तरानंतर स्क्रिप्टचीं चलें पुसलीं जातात. १९९६ च्या उपायांइतका हा मार्ग कदाचित् वेगवान नसेल, पण निष्काळजी लेखकास सांभाळून घेतो. २०१३ सालच्या ५.५ आवृत्तीपासून 'ऑपकॅश'ची जोड मिळाली, त्यामुळें स्क्रिप्टचें वाचन व भाषांतरही वारंवार करावें लागत नाहीं.

कामकरी किती ठेवावे? सर्व्हराजवळ ३,००० मेगाबाइट मोकळी स्मृति असेल व एका कामकऱ्यास ४० लागत असतील, तर ७५ ही कमाल मर्यादा. उत्साहाच्या भरांत २०० मांडल्यास सर्वच गुदमरतात. प्रत्येक कामकऱ्यास, समजा, ५०० मागण्यांनंतर निवृत्त करून नवा आणण्याची सोयही या मुकादमापाशीं आहे, ती अवश्य योजावी. हें सर्व निकालाच्या आदल्या आठवड्यांत, खोट्या मागण्यांचा मारा करून तपासून पाहावें. निकालाच्या दुपारीं नव्हे.

आणखी एक गोष्ट. जागे राहणारे प्रोग्रॅम जुनी स्क्रिप्ट स्मृतींत धरून बसतात. फाइल बदलल्यावर त्यांस पुन्हा सुरू करण्याची आठवण ठेवावी; एरव्हीं शुल्काचा आंकडा दुरुस्त करूनही कांहीं विद्यार्थ्यांस नवा व कांहींस जुनाच दिसत राहतो, आणि कार्यालयाच्या खिडकीपाशीं दोन्ही पक्ष आपापला मोबाइल पुढें करून भांडत उभे राहतात.