न गाणारा हंस

कोंबड्यांचा कलकलाट चालू आहे. गाढवं रेकताहेत, आणि ती व्हायोलिनवर. कासवं ऑफेनबाखचा गाजलेला कॅन-कॅन नाच नाचताहेत, पण इतक्या संथ लयीत की ओळखीची चाल ओळखू येईपर्यंत संपते. हत्तीच्या वाट्याला डबल बास हे अगडबंब वाद्य आलंय, आणि त्यावर त्याला पऱ्यांचं नाजूक नृत्य वाजवायचंय. रानात कुठेतरी कुकू पक्षी फुंकून वाजवायच्या क्लॅरिनेटवर दोनच सूर पुन्हा पुन्हा काढतो. पियानोवादक हाही एक प्राणीच समजून त्याला पिंजऱ्यात बसवलाय. तो बिचारा सरगम घोटतोय. असा हा चौदा तुकड्यांचा ‘प्राण्यांचा कार्निव्हल’. त्यातल्या तेराव्या तुकड्यात सगळा गोंगाट थांबतो आणि एक चेलो एकटाच पाण्यावर येतो. हा ‘हंस’.

रचनाकार फ्रेंच होते, कामीय सँ-साँस. साल १८८६, महिना फेब्रुवारी, वय पन्नास. त्याच्या आधी ते जर्मनीच्या दौऱ्यावर गेले होते आणि दौरा पार फसला होता. जर्मन संगीतकार वाग्नरच्या भक्तांबद्दल त्यांनी लिहिलेलं जर्मन श्रोत्यांना झोंबलं होतं. (वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ ऑपेरात नायकाची होडी एक हंसच ओढून आणतो. सँ-साँसच्या डोक्यात तो होता की नाही, कोण जाणे. मला मात्र हा योगायोग गमतीचा वाटतो.) कंटाळून ते ऑस्ट्रियातल्या एका लहानशा खेड्यात जाऊन राहिले. हातात काम होतं मोठं, ऑर्गनची भव्य सिंफनी, जी त्याच वर्षी मे महिन्यात लंडनला वाजायची होती. ते बाजूला ठेवून त्यांनी हा प्राण्यांचा तमाशा लिहून काढला, निव्वळ मित्रांच्या करमणुकीसाठी.

९ मार्चला चेलोवादक शार्ल लबूक यांच्या खासगी बैठकीत तो वाजला. काही आठवड्यांनी खास पियानोवादक-संगीतकार फ्रांत्स लिस्टसाठी पुन्हा एकदा वाजला. आणि मग सँ-साँसनी कुलूप घातलं. माझ्या हयातीत हे छापायचं नाही, असं त्यांनी बजावलं. गंभीर संगीतकार म्हणून मिळवलेलं नाव कासवा-गाढवांच्या पायी जाईल, ही भीती. वयाच्या दहाव्या वर्षी पॅरिसच्या साल प्लेयेलमध्ये पियानो वाजवून, वर बेथोव्हनच्या बत्तीस सोनाटांपैकी म्हणाल तो तोंडपाठ वाजवतो असं सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाची काळजी असणारच. अपवाद एकच केला. १८८७मध्ये ‘हंस’ तेवढा चेलो आणि पियानोसाठी छापू दिला. बाकीचे तेरा तुकडे १९२१च्या डिसेंबरात अल्जीअर्समध्ये त्यांचं निधन होईपर्यंत बंदच राहिले. १९२२ उजाडलं तेव्हा जगाला कळलं की या हंसाला अख्खं गणगोत आहे.

एवढ्या तुकड्यांतून नेमका हंसच का सुटला? या प्रश्नाचं मला दिसणारं उत्तर त्याच्या आवाजात, म्हणजे आवाज नसण्यात आहे. कोंबडी, गाढव, कुकू यांची सँ-साँसनी नक्कल केली. त्यांना आवाज आहेत आणि नक्कल करणाऱ्याला ते आयतेच सापडतात. युरोपातल्या तळ्यांवर जो पांढराशुभ्र, नारिंगी चोचीचा हंस दिसतो, त्याला तिकडे ‘मुका हंस’ असंच नाव आहे. अगदी मुका नसतो तो. चिडला की फिस्कारतो, कधी घोरल्यासारखा आवाज करतो. उडताना त्याच्या पंखांचा लयदार घूं-घूं नाद दुरून ऐकू येतो. पण गळ्यातून गाणं म्हणावं असं काही निघत नाही. अशा पक्ष्याची नक्कल करायची तर काय करणार? सँ-साँसनी आवाज सोडून चाल घेतली. या तुकड्यात हंस गात नाही, तो तरंगतो. कोंबडी, गाढव, कुकू यांचे तुकडे कान लावून लिहिलेले आहेत, हा डोळ्यांनी लिहिलेला आहे.

आपल्याकडच्या हंसाशी हे किती जुळतं पाहा. पण आधी ग्रीकांचा हंस: तो मरताना गातो. प्लेटोच्या एका संवादात मृत्यूच्या दारात उभा असलेला सॉक्रेटिस त्या गाण्याचं कौतुक करतो. पुढे रोमन लेखक प्लिनी म्हणाला की हे काही खरं नव्हे, पण दंतकथेला त्याने काही झालं नाही. तिला थोडा आधारही आहे म्हणा. उत्तरेकडच्या हूपर हंसाची श्वासनलिका छातीच्या हाडात शिरून तिथे वळसा घेते आणि त्यामुळे त्याची हाक एखाद्या कर्ण्यासारखी घुमते. आपल्या कवींचा हंस मात्र नीर-क्षीर वेगळं करतो, सरस्वतीला घेऊन जातो आणि डौलात चालतो. नायिकेच्या चालीला हंसाची उपमा देणाऱ्या संस्कृत कवीला सँ-साँसचा तुकडा ऐकवला असता तर त्याने लगेच मान डोलावली असती.

आता सुरांकडे. पाश्चात्त्य संगीताची लिपी येत नसली तरी बिघडत नाही, पेटी काढा. षड्ज कुठलाही धरा आणि वाजवा: सां नी ग ध प सा, रे ग म. एवढीच ती पहिली ओळ. सगळे स्वर शुद्ध, बिलावल थाटातले. तार षड्जावरून निषादावर अलगद घसरण, आणि तिथून एकदम गंधारावर उतरणं. मग धैवतावर थोडं वर येऊन पंचम, आणि पुन्हा उडी, षड्जावर. निषादावरून गंधार आणि पंचमावरून षड्ज, दोन्ही उतार अगदी एकाच मापाचे, पाच स्वरांचे. दुसरी ओळ उलट वाटेने जाते: मंद्र धैवतावर दम धरून नी सा रे ग म प ध नी अशी एकेक पायरी चढत जाते आणि शेवटी निषादावरून थेट तार गंधाराला हात घालते. मान उंचावून वळावी तसं. एका मापाला, म्हणजे आवर्तनाला, सहा मात्रा आहेत, तीन-तीनच्या. दादऱ्याइतक्याच, पण ठेका नाही, टाळी नाही. पूर्ण रचना अवघ्या २८ मापांची, तीन मिनिटांच्या आतबाहेर संपणारी.

पुढे मात्र पेटीवाल्याची पंचाईत होते. मध्यावर हा हंस आपला षड्जच सोडून दुसऱ्या षड्जांकडे वळतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला तिथे पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. पाण्यावर असल्याची जाणीव होते ती नेमकी तिथेच. (आपल्या हंसध्वनीत असं काही होत नाही. दक्षिणेतला हा राग हिंदुस्थानी मैफलीत रुजवण्याचं श्रेय मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांना दिलं जातं. त्यात मध्यम-धैवत वर्ज्य, आणि षड्ज जागच्या जागी.)

पण खरा चमत्कार स्वरांमध्ये कमी आणि दोन वाद्यांच्या स्वभावांत जास्त आहे.

पियानोचा प्रत्येक स्वर जन्मताच मरायला लागतो. फेल्टची हातोडी तारेवर आदळते आणि क्षणार्धात मागे हटते. तिथून पुढे तो स्वर फक्त विरत जाऊ शकतो. वादकाने कितीही जीव ओतला तरी वाजून गेलेला स्वर त्याला वाढवता येत नाही. म्हणून पियानोला लांब श्वास हवा असेल तर तो तुकड्या-तुकड्यांनी, लगबगीने, एकामागून एक स्वर टाकत आणावा लागतो. सँ-साँसनी नेमकं हेच पाण्याला दिलं. मूळ रचनेत दोन पियानो आहेत: एकावर बारीक लाटांची अखंड झुळझुळ, दुसऱ्यावर खालून वर उलगडत जाणारे स्वरसमूह. छापील आवृत्तीत पाण्याचं सगळं काम एकाच पियानोवर येतं.

चेलो याच्या अगदी उलट. गज फिरतोय तोवर स्वर जिवंत. तो वाढवता येतो, मावळवता येतो, मध्येच उजळवता येतो. पण हे अखंड वाटणं हाही एक भ्रमच. गजाला लावलेले असतात घोड्याच्या शेपटीचे केस, आणि त्यांवर राळ घासलेली असते. राळेमुळे केस तारेला धरतात आणि ओढत नेतात; ताण वाढला की तार निसटते; निसटली की पुन्हा पकडली जाते. धर, सोड, धर, सोड. गजाखालची तार नक्की कशी हलते हे एकोणिसाव्या शतकात हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शोधून काढलं: डोळ्यांना फुगीर दिसणाऱ्या त्या तारेत खरं तर एक टोकदार कोपरा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत असतो. ‘हंसा’चा पहिला स्वर सेकंदाला सुमारे ३९२ कंपनांचा आहे. म्हणजे ज्या स्वरात हंस सर्वांत निश्चल वाटतो, त्यात केस आणि तार यांची झटापट दर सेकंदाला जवळजवळ चारशे वेळा होते. हंसाच्या पाण्याखाली चाललेल्या पायांच्या धडपडीबद्दल आपण बोलतो, तिच्यापेक्षा हे कितीतरी अधिक आहे.

आणि गज संपतो, ही वेगळीच अडचण. त्याची लांबी ठरावीकच असते. कधी ना कधी दिशा बदलावी लागते, आणि तो बदल ऐकू आला तर हंस दचकला. चांगला चेलोवादक गज उलटवतो तेव्हा, दळताना जात्याचा खुंटा एकीच्या हातून दुसरीच्या हाती जावा आणि पाळ फिरतच राहावी, तसं होतं. त्यासाठी मनगट, बोटं, खांदा यांचं वर्षानुवर्षांचं शिक्षण लागतं. ‘हंस’ विद्यार्थ्यांना लवकर शिकवतात, कारण स्वर फारसे अवघड नाहीत. थोर वादक तो म्हातारपणापर्यंत वाजवत राहतात, कारण त्यात लपायला जागा नाही.

आता मरणाची गोष्ट. ‘हंस’ म्हटलं की पुष्कळांना मरणारा हंस आठवतो, आणि त्याला सँ-साँस जबाबदार नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सेंट पीटर्सबर्गमध्ये नर्तकी अॅना पावलोवाने नृत्यरचनाकार मिखाईल फोकीनकडे एखादं छोटं एकल नृत्य मागितलं. फोकीनला तेव्हा मँडोलिनचा नाद होता आणि घरी तो हाच तुकडा वाजवत असे. बोलता बोलता नृत्य बसलं. चवड्यांवर उभ्या, थरथरत्या पावलांनी सरकणारी, हळूहळू जमिनीवर कोसळणारी ती पांढरी आकृती पावलोवाने सुमारे चार हजार वेळा साकारली असं सांगतात. लंडनमधल्या आपल्या घरच्या तळ्यात ती हंस पाळत असे. त्यातल्या लाडक्याचं नाव जॅक. १९३१च्या जानेवारीत हेगमध्ये ती गेली. त्याआधी, १९२८मध्ये, ती मुंबईत आली होती, तेव्हा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिचा कार्यक्रम पाहिला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर दोघींची गाठ पडली, रुक्मिणीदेवी बॅले शिकू लागल्या आणि पावलोवानेच त्यांना आपल्या मातीतल्या नृत्याकडे वळायला सुचवलं. भरतनाट्यमच्या आधुनिक इतिहासात या रशियन बाईचं नाव येतं ते असं.

नृत्य अप्रतिम आहे, पण ते ऐकणाऱ्याच्या कानात जाऊन बसलंय, ही माझी तक्रार. रचनेत कुठे कोसळणं नाही, तडफड नाही. शेवटी चेलो षड्जावर पोचतो आणि तिथेच लांब थांबतो, पियानोची लाट विरत जाते. हंस नजरेआड झाला, इतकंच. मृत्यूचं सावट हवंच असेल तर दुसरा हंस ऐकावा. ब्राझीलच्या एइतोर व्हिला-लोबोस यांनी १९१७मध्ये चेलो आणि पियानोसाठीच ‘काळ्या हंसाचं गाणं’ लिहिलं, आपल्याच एका वाद्यवृंद रचनेतून वेगळं काढून. मूळ रचना जहाज फुटण्याची. व्हिला-लोबोस स्वतः चेलो वाजवत. तिथेही पियानोचं पाणी आहे, चेलोचा लांब गळा आहे, पण ते पाणी गढूळ आणि खोल आहे. हा हंस खरोखर गातो, आणि ऐकून बरं वाटत नाही.

सँ-साँसच्या हंसाने नंतर काय काय सोसलं! हात न लावता वाजणाऱ्या थेरेमिन या विद्युतवाद्यावर क्लारा रॉकमोरने तो वाजवला, पियानोवर तिची बहीण नाद्या राइझेनबेर्ग; ते ध्वनिमुद्रण ऐकताना चेलोची आठवणही येत नाही, इतकं ते सुंदर आहे. २०११मध्ये यो-यो मा चेलोवर बसले आणि मेम्फिसच्या रस्त्यांवरचं नृत्य करणारा लिल बक हा तरुण बुटांच्या टोकांवर हंस झाला. दिग्दर्शक स्पाइक जोन्झने ते चित्रित केलं आणि लाखो लोकांनी पाहिलं.

तुम्ही मात्र आधी काही पाहू नका. चेलो आणि पियानोची साधी आवृत्ती लावा आणि पहिल्यांदा फक्त पियानो ऐका, चेलो मुद्दाम कानाआड करून. पाणी कुठे उथळ होतं, कुठे वळतं, ते कळेल. दुसऱ्यांदा चेलो ऐका आणि गज कुठे उलटला ते पकडायचा प्रयत्न करा. पकडता आला नाही, तर वादक चांगला आहे.