आर्चबिशपांचे घर आणि विहिरीचे पाणी



जुने गोवे येथे जाणारे आपले भाविक संत फ्रान्सिस झेवियर यांचे दर्शन घेतात, से कॅथेड्रल पाहतात आणि परततात. से कॅथेड्रल आणि असिसीकर संत फ्रान्सिस यांचे चर्च यांच्यामध्ये एक जुनी इमारत आहे. ते गोव्याच्या आर्चबिशपांचे पूर्वीचे निवासस्थान. तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

पहिले आर्चबिशप गास्पार द लिआंव १५६० साली गोव्यात आले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून थेट चीन-जपानपर्यंतचा कारभार त्यांच्याकडे होता. १५६२ साली से कॅथेड्रलचे बांधकाम सुरू झाले. त्याला लागूनच आर्चबिशपांचा वाडा उभा राहिला. सत्ता, संपत्ती, मान सारे त्या शहरात होते. नव्हते ते फक्त चांगले पाणी.

वस्ती दाट आणि जमीन सच्छिद्र. सांडपाणी झिरपून विहिरींत उतरे. १५४३ साली तेथे पटकीची मोठी साथ आली आणि पुढेही साथी येतच राहिल्या. जोडीला हिवताप होता. हळूहळू लोकांनी शहर सोडले. व्हाइसरॉय १६९५ साली पणेलीला आणि १७५९ साली पणजीला राहायला गेले. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयांचा वाडा आज नाही. आर्चबिशपांचा मात्र टिकला.

आर्चबिशपांचे आजचे निवासस्थान पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर आहे. १९८६ साली पोप दुसरे जॉन पॉल गोव्यात आले, तेव्हा त्यांचा मुक्काम येथेच होता. कॅथेड्रल मात्र जुन्या गोव्यातच राहिले. कॅथेड्रल म्हणजे जेथे बिशपांचे आसन असते ते चर्च. राहते घर गरजेप्रमाणे हलवता येते, आसन सहसा हलत नाही.

आम्ही पाड्यावर प्रार्थनामंदिराच्या छपराआधी विहिरीचा कठडा का बांधतो, असे काही देणगीदार मला विचारतात. माझे उत्तर या इतिहासात आहे. जुन्या गोव्यात भव्य चर्च उभी राहिली, पण त्यांत प्रार्थना करणारी माणसे दूषित पाण्याने गेली किंवा निघून गेली. वाडा सोडून दुसरीकडे जाण्याची सोय व्हाइसरॉयांकडे होती. पाड्यावरच्या कुटुंबाला ती नाही. म्हणून आधी कठडा, विहिरीपासून लांब शोषखड्डा आणि मग छप्पर. वाचकहो, पावसाळ्यापूर्वी एवढे काम उरकायचे आहे. आपली प्रार्थना आणि मदत दोन्ही हवीत.