पहिली कादंबरी कोणाकडे द्यावी?

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना साहित्यिक एजंट मिळतो. तो हस्तलिखित वाचतो, योग्य प्रकाशकाकडे नेतो, करार ठरवतो आणि लेखकाच्या कमाईतून ठरावीक टक्के घेतो. अरुंधती रॉय यांच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित वाचून एजंट डेव्हिड गॉडविन लंडनहून भारतात आले होते. १९९७ मध्ये त्या कादंबरीला बुकर मिळाले.

मराठीत आणि उर्दूत ही पद्धत रुजलेली नाही. त्यामुळे आमच्या रसायनीत कारखान्यातली पाळी संपवून कादंबरी लिहिणाऱ्या तरुणाने किंवा घरचे काम आटोपून वही उघडणाऱ्या बहिणीने एजंट शोधण्यात वर्ष घालवू नये. एजंटाची तीन कामे आपणच करावीत.

पहिले काम प्रकाशक निवडण्याचे. वाचनालयात जाऊन आपल्या धाटणीच्या पाच-सात कादंबऱ्या पाहा. प्रकाशकाचे नाव-पत्ता आतल्या पानावर असतो. नवख्याला कोण विचारणार, असे मनात आणू नका. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, तेव्हा लेखक पंचविशीत होते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांची 'इंधन' १९६५ मध्ये आली. त्यांचे विचार पटोत न पटोत, कोकणातले मुस्लिम मोहल्ले मराठी कादंबरीत येऊ शकतात हे तिने दाखवले.

दुसरे काम पाठवण्याचे. मजकूर टाइप करून, शुद्धलेखन तपासून घ्या. सोबत एका पानात कथानक आणि चार ओळींत स्वतःची ओळख द्या. एक प्रत घरी ठेवा. उत्तराला काही महिने लागतात. मध्येच एकदा नम्रपणे विचारायला हरकत नाही.

तिसरे काम कराराचे, आणि फसगत होते ती इथेच. "कादंबरी उत्तम आहे, फक्त छपाईचे पैसे भरा," असे कोणी म्हणाले, तर घरचे दागिने मोडण्याआधी विचारा: प्रती किती काढणार, विकणार कोण, हिशेब कधी देणार? हक्क देण्याचा करार लेखीच हवा, असे १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो. मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून "सर्व हक्क कायमचे" अशा ओळीखाली घाईने सही करू नका. अनुवादाचे आणि चित्रपटाचे हक्क शक्यतो स्वतःकडे ठेवा. मराठीत लिहून पुढे उर्दूत पुस्तक न्यायचे असेल, तर हे फार महत्त्वाचे.

पैशांची अडचण असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती पहिल्या पुस्तकासाठीच असते आणि तिच्यात कादंबरीही बसते. चालू वर्षाचे नियम मंडळाकडूनच मागवा.

लिहायला दोन-तीन वर्षे दिलीत, तर करार वाचायला आणखी दोन दिवस द्या. घरातल्या कोणा जाणत्यालाही तो वाचायला सांगा.