घरात शिरताना आधी देवडी

सिंदखेडराजाला लखुजीराजे जाधवांच्या वाड्यात गेलात, तर महाद्वारापाशी जरा थांबा. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊ जन्मल्या तो हा वाडा, म्हणून सगळे लगबगीनं आत जातात. मला ते द्वारही तितकंच मोलाचं वाटतं. जुन्या वाड्यात दारानंतर लगेच घर लागत नसे. मध्ये देवडी असायची: सावली, टेकायला ओटा, दिव्याला कोनाडा, भिंतीत खुंट्या.

फ्लॅटच्या चार फुटांतही हे जमतं. ओट्याऐवजी दीड फूट उंचीचं बाकडं घ्या. आजी-आजोबांना बसून चप्पल घालता येते. बाकड्याखाली चपलांसाठी पट्ट्यांची उघडी मांडणी करा. आपल्या बुलढाण्याची काळी माती पावसात तळव्याला चिकटते, आणि ओली चप्पल बंद कपाटात कोंडली की बुरशी येणारच! खुंट्यांची एक ओळ मोठ्यांच्या खांद्याएवढी, दुसरी खाली, मुलांच्या दप्तरांसाठी. किल्ल्यांना छोटी फळी पुरते. भिंतीला कंबरेपर्यंत धुता येणारा रंग लावा.

सजावट मात्र मोजकीच. चौकटीला आंब्याच्या पानांचं तोरण, उंबऱ्याबाहेर रांगोळी, आणि पायपुसणं तिच्यापासून हातभर बाजूला.