अडगळीतला राउटर आणि बिनतारी पूल

इंटरनेटची नवी जोडणी घेतली, की नवा राउटर येतो आणि जुना माळ्यावर जाऊन पडतो. तो बहुधा बिघडलेला नसतो. वेगात मागे पडलेला असतो, इतकेच. दुसरीकडे, शाळेच्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांना वायफायची सोय नसते आणि मुख्य राउटर असतो व्हरांड्यापलीकडे, कार्यालयात. तेथून भिंती फोडून तार आणावी काय? माळ्यावरचा राउटर हे काम तारेवाचून करू शकतो. कसे, ते पाहू.

राउटर ही एकच पेटी दिसली, तरी तिच्यात तीन उपकरणे नांदतात. पहिले रेडिओ. तो लहरी पाठवतो, तसाच ग्रहणही करतो. दुसरे जोडपेटी. मागच्या खाचांत तारा खोचून संगणक एकमेकांना जोडता येतात, ते तिच्यामुळे. तिसरे एक छोटा संगणक. तो संदेशांना वाट दाखवतो आणि प्रत्येक यंत्राला पत्ता वाटून देतो. एरवी हा रेडिओ यजमान असतो व मोबाइल त्याचे पाहुणे. आपण त्यालाच पाहुणा करायचे! मग तो मोबाइलसारखा मुख्य राउटरला जोडला जातो आणि हवेतून आलेले संदेश तारेने संगणकाला देतो. हाच बिनतारी पूल.

ही युक्ती हौशी मंडळींत फार रुळली ती लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमुळे. तो २००२ च्या अखेरीस आला. त्याची आज्ञावली लिनक्सवर आधारलेली होती. २००३ मध्ये ती खुली झाली आणि २००४ मध्ये तिच्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला.

आता कृती. जुना राउटर त्याच्याच अडॅप्टरवर चालवा. व्होल्ट वेगळे असल्यास तो जळू शकतो. रीसेटचे बारीक बटण काही सेकंद दाबून धरा. संगणकाला तारेने जोडून, पेटीखाली छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये लिहा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या. पत्ते वाटण्याचे, म्हणजे डीएचसीपीचे, काम बंद करा. एका वर्गात दोन शिक्षक हजेरीचे क्रमांक वाटू लागले तर गोंधळच होईल. मग ‘क्लायंट’ किंवा ‘ब्रिज’ हा पर्याय निवडून मुख्य राउटरचे नाव व पासवर्ड भरा. संगणकाची तार ‘लॅन’ खाचेत लावा. काही राउटरांत हा पर्याय नसतो. आज्ञावली बदलून तो मिळू शकतो, पण चुकीची आज्ञावली भरली किंवा मध्येच वीज गेली, तर पेटी निकामी होऊ शकते. म्हणून हे शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा.

पूल कोठे ठेवावा? येथे पदार्थविज्ञान कामी येते. २.४ गिगाहर्ट्झ लहरींची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी सरळ आलेल्या लहरींत मिसळतात. शिखराशी शिखर जुळले तर संदेश बळावतो, शिखराशी दरी आली तर क्षीण होतो. म्हणून पेटी अवघी ३ सेंटिमीटर, म्हणजे पाव तरंगलांबी, सरकवली तरी फरक पडू शकतो. राउटरच्या पानावर संदेशाचे बळ उणे अंकांत दिसते. −६० चे −७० झाले, तर शक्ती दहापट घटली असे समजा. पेटी थोडी थोडी सरकवून आलेख काढा. लोखंडी कपाट मध्ये आणूनही पाहा.

एक सावधगिरी. फार जुने राउटर फक्त ‘वेप’ हे सांकेतिक कुलूप जाणतात. त्यातील दोष २००१ मध्येच उघड झाले. ‘डब्ल्यूपीए२’ नसेल, तर तो राउटर पुलासाठी वापरू नका. तो इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. साध्या कचऱ्यात मात्र टाकू नका.

तेव्हा माळा एकदा धुंडाळा. जी पेटी टाकाऊ वाटते, तिच्यात एक चालू रेडिओ आणि एक चालू संगणक कामाची वाट पाहत असेल!